चौऱ्याण्णव सेकंद

लंडनहून आलेला पिअर्स पांढरे बूट घालून आला होता. ग्रिम्सबीच्या गोदीजवळच्या रस्त्यांवर माशांच्या पाण्याचे ओघळ बारा महिने वाहत असतात. तिथे पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाबद्दल गेनर ब्लँचर्डचं मत त्याने तोंड उघडायच्या आधीच तयार होतं. तोंड उघडल्यावर ते आणखी पक्कं झालं.

"गाणं जबरदस्त आहे," पबच्या मागच्या खोलीत खुर्ची पुसून बसत तो म्हणाला. "कच्चं आहे, पण हल्ली कच्चंच चालतं. अडचण एकच. फार लहान आहे, डार्लिंग. माणूस ग्लास खाली ठेवतो न ठेवतो तोच संपतं."

"मग ग्लास लवकर ठेवायचा," गेनर म्हणाली.

रॅग फिस्सकन हसला. तो ड्रम वाजवायचा आणि त्याला कशावरही हसू यायचं. नेव्ह स्टॉट हसला नाही. तो बास गिटार वाजवायचा, त्याची बायको सात महिन्यांची पोटुशी होती, आणि लंडनच्या कंपनीचा माणूस आपल्या गावात येऊन आपल्याला बिअर पाजतो आहे हे त्याला अजून खरं वाटत नव्हतं. गेनर गिटार वाजवायची आणि ओरडायची. गायची, असं ती स्वतःही म्हणत नसे. तिघांच्या बँडचं नाव 'वेट ग्लव्ह्ज', आणि तिघंही दिवसा गोदीजवळच्या एकाच मासळी कारखान्यात कामाला.

"रेडिओला तीन मिनिटं लागतात," पिअर्स समजावू लागला. "मधे बासचा एक तुकडा टाकू. धृपद दोनदा जास्त. आणि शेवटी आवाज हळूहळू उतरवत न्यायचा. आता कसं आहे, धाडकन तुटतं. लोकांना वाटतं दुकानदाराने फुटकी रेकॉर्ड दिली."

"ते चौऱ्याण्णव सेकंदांचं आहे. चौऱ्याण्णवच राहणार."

"पण का? चौऱ्याण्णवमध्ये एवढं काय आहे?"

रॅगने मान खाली घालून बिअरच्या फेसात बघायला सुरुवात केली. नेव्हने टेबलाखालून गेनरच्या पायाला पाय लावला, म्हणजे नीट बोल. पण त्या बुटांना ते सांगायची गेनरची इच्छा नव्हती.

वाचणाऱ्याला मात्र सांगायला हवं.

गेनरची आई विनी त्या कारखान्यात सतरा वर्षं होती. माशाची कातडी सोलणाऱ्या यंत्रावर. दोन दातेरी रूळ एकमेकांवर फिरतात, मासा वर ठेवायचा, कातडी खाली जाते, मांस पुढे जातं. पूर्वी प्रत्येक यंत्राला स्वतःचं लाल बटण होतं. मग कंपनीने घड्याळवाला आणला. गळ्यात स्टॉपवॉच, हातात कागद लावलेली फळी, बायकांच्या मागे उभा राहून कुणाला नाक पुसायला किती वेळ लागतो ते लिहिणारा. त्याने महिनाभर लिहून असा शोध लावला की बायका ऊठसूट बटण दाबून यंत्र थांबवतात. झालं. सगळी बटणं काढली आणि एकच बटण फोरमनच्या काचेच्या केबिनमध्ये बसवलं. फोरमन क्लॅक्सबी. गुटगुटीत, गुलाबी, मिशीला तेल लावणारा.

दोन वर्षांपूर्वी विनीचा ओला हातमोजा रुळात सापडला. ती ओरडली. शेजारणी ओरडल्या. वीस पावलांवर, खोकी भरायच्या सरकत्या पट्ट्यापाशी गेनर उभी होती. ती यंत्राकडे न धावता केबिनकडे बघून ओरडली, कारण बटण तिकडे होतं. काचेआड क्लॅक्सबी टेलिफोनवर बोलत होता. त्याने बघितलं. गेनरने शपथेवर सांगितलं असतं की त्याने बघितलं, कारण त्याने एक बोट वर केलं. जरा थांबा. एक मिनिट. आणि टेलिफोनवरचं बोलणं पुरं केलं.

यंत्र थांबलं तेव्हा विनीच्या उजव्या हाताची चार बोटं गेलेली होती.

आणि घड्याळवाला? तो त्या दिवशी तिथेच होता. यंत्र अडलं की वेळ लिहायची, ही त्याची नोकरी. हात अडकल्याबरोबर त्याने सवयीने घड्याळ दाबलं आणि यंत्र थांबल्यावर पुन्हा दाबलं. चौकशीत त्याने फळीवरचा आकडा वाचून दाखवला. चौऱ्याण्णव सेकंद. कंपनीच्या वकिलाने उलट तोच आकडा मिरवला: पाहा, दोन मिनिटांच्या आत यंत्र बंद. क्लॅक्सबीने सांगितलं की माझा गुडघा जुना दुखरा आहे, खुर्चीतून उठून बटणापर्यंत जायला वेळ लागला. बोट वर केल्याचं गेनरने सांगितलं, तर म्हणे मुलगीच ती, असंच बोलणार. टेलिफोनचं कुणी विचारलंच नाही.

यात सर्वांत संतापाची गोष्ट कोणती असेल तर विनी. "गुडघा होता गं बिचाऱ्याचा," ती म्हणायची. "घाबरून पाय गळाले असतील. माणूस वाईट नाही." नाताळला ती क्लॅक्सबीला कार्ड पाठवायची. डाव्या हाताने लिहिलेलं, पहिलीतल्या पोरासारखं वेडंवाकडं. ते कार्ड पेटीत टाकायला गेनरला जावं लागायचं, आणि पेटीपर्यंतच्या वाटेवर ती तोंडाने जे काही बोलायची ते छापण्यासारखं नाही.

अशा माणसाने करावं तरी काय? कारखान्यात तक्रार करून झाली होती. वकील करून झाला होता. मग गावातल्या रेकॉर्डच्या दुकानात त्या छोट्या तबकड्या यायला लागल्या. त्याआधीचे मोठमोठे बँड एकेका गाण्यात वीस वीस मिनिटं ऑर्गन कुरवाळत बसत. राजवाडे, चेटकिणी, अंतराळ. ग्रिम्सबीत राजवाडा कुठे आहे? आणि ही नवी पोरं म्हणजे दीड मिनिट, पावणेदोन मिनिटं. धड वाजवता येत नव्हतं आणि ते त्यांनी लपवलंही नव्हतं. घसा फाटला तर फाटलेला तसाच रेकॉर्डवर. कुणीतरी लाथेने दार उघडून आत यावं, काय ते बोलावं आणि दार आपटून निघून जावं, असं. गेनरने पहिली तबकडी घरी आणली आणि एका दुपारी अकरा वेळा वाजवली. मग नेव्हकडून जुनी गिटार मागून घेतली. तीन कॉर्ड शिकली. चौथ्याची गरज पडली नाही.

गाणं लिहायला तिला बसावंही लागलं नाही. पहिली ओळ 'बटण कुठे आहे?' आणि जवळजवळ शेवटचीही तीच. लांबी आधीच ठरलेली होती.

रेकॉर्डिंग केलं ते थ्वेट नावाच्या म्हाताऱ्याने, मेथडिस्ट चर्चच्या सभागृहात. तो एरवी भजनी मंडळं आणि ब्रास बँड टेपवर घ्यायचा. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा एकशे तीन सेकंद झाले. "लांबलं," गेनर म्हणाली. पुन्हा. सत्त्याण्णव. पुन्हा. एकोणनव्वद. रॅगच्या तळहाताला फोड आले. "अहो ताई, दोन-चार सेकंदांनी कुणाचं काय बिघडतं?" तो म्हणाला, आणि लगेच गप्प झाला, कारण कुणाचं काय बिघडतं ते त्यालाच कळलं.

सातव्या वेळी साठाव्या सेकंदाला नेव्हची तार तुटली. तो तीन तारांवर वाजवत राहिला. गेनरचा आवाज मधेच चिरकला आणि मग उरलाच नाही, नुसती हवा. सगळी यंत्रं जमिनीवरच्या एकाच विजेच्या पट्टीला जोडलेली होती. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचा काटा बघत गेनरने चौऱ्याण्णवाव्या सेकंदाला त्या पट्टीच्या बटणावर बुटाची टाच मारली. खट्. सगळं मेलं.

"पोरी, तार तुटली, तुझा गळा बसला," थ्वेट म्हणाला. "उद्या या. पुन्हा घेऊ."

"नाही. हेच."

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. त्याची बहीण त्याच कारखान्यात होती. टेपची पेटी त्याने तिच्या हातात दिली.

पाचशे तबकड्या निघाल्या. वेष्टनाचे कागद विनीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुमडले गेले. छापील नाव परवडत नव्हतं, म्हणून मधली पांढरी चकती कोरीच आली. विनीकडे एका हाताने भाजी चिरायला खिळे ठोकलेली फळी होती. बटाटा खिळ्यावर रोवायचा आणि चिरायचा. तिने एक बटाटा अर्धा केला, त्यात ९४ कोरलं, आणि शाईत बुडवून पाचशे चकत्यांवर डाव्या हाताने ठसे उठवले. रेकॉर्ड मात्र ऐकली नाही.

"एकदा तरी ऐक की, आई."

"मी ऐकलंय ते एकदा," विनी म्हणाली, आणि पुढचा ठसा मारला.

तबकड्या दोन आठवड्यांत संपल्या. रेडिओवरच्या एकाने रेकॉर्ड लागोपाठ दोनदा लावली, कारण एकदा लावून बातम्यांना वेळ उरत होता. तेव्हा पांढऱ्या बुटांना ग्रिम्सबीचा पत्ता सापडला.

नेव्हसाठी म्हणून गेनर लंडनला गेली. तीन दिवस. तिथल्या स्टुडिओत जमिनीवर गालिचा होता आणि गालिच्यावर कुणी ओरडत नव्हतं. नेव्हचा तुकडा झाला, धृपदं झाली, कुठल्याशा बाईने मागे 'आऽ' केलं. तिसऱ्या दिवशी पिअर्सने सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून गाणं ऐकवलं. वाजत राहिलं, वाजत राहिलं, आणि शेवटी तसंच वाजत वाजत लहान होत गेलं, जणू कुणी यंत्र चालू ठेवूनच खोलीचं दार लोटून घेतलं. खट् झालंच नाही.

"थांबतं कुठे?" गेनरने विचारलं.

"थांबत नाही. तीच तर गंमत! ऐकणाऱ्याला वाटतं, अजून कुठेतरी चालूच आहे."

"किती झालं?"

"तीन मिनिटं बारा."

गेनरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तीन मिनिटं बारा सेकंदांत तिचा हात कोपरापर्यंत गेला असता, गाढवा."

मग तिने सगळं सांगितलं. रूळ, बोट, टेलिफोन. आपण इथे हे सांगतोय याचीच तिला चीड आली, पण तोंड थांबेना. पिअर्स ऐकत होता. डोळे मोठे करून, ओठ चावून. तिचं संपल्यावर तो हळूच म्हणाला, "अगं, हे आधी का नाही सांगितलंस? हे तर आपण वर्तमानपत्रात देऊ. आईचा फोटो मिळेल का? हाताचा?"

रॅगने तिला मागून कमरेला धरून ओढलं म्हणून बरं, नाहीतर त्या स्टुडिओतला एक महागडा माइक पिअर्सच्या दातांवर वाजला असता.

परतीच्या गाडीत तिघं समोरासमोर बसले. करार नेव्हच्या मांडीवर होता. त्याच्या आणि रॅगच्या सह्या झाल्या होत्या. गाणं गेनरच्या नावावर होतं, तेव्हा तिच्या सहीशिवाय तो कागद पुडी बांधायच्या लायकीचा होता. सोमवारपर्यंत मुदत.

"नेव्ह, तू मला सांग. तुला आवडलं ते?"

"नाही," नेव्ह म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमायचं नाही. "पण तुझ्या आईची बोटं गेली, गेनर. माझी अजून आहेत. मला ती तिथून बाहेर काढायचीत."

वाटेतल्या पीटरबरो स्टेशनापासून घरापर्यंत गेनर खिडकीबाहेर बघत बसली, आणि नेव्हचा राग येत नाही म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

गुरुवारी संध्याकाळी ती कामावरून घरी आली तेव्हा विनी खिळ्याच्या फळीवर बटाटे सोलत होती. गेनरने कराराचं सगळं सांगितलं. विनीने सुरी खाली ठेवली.

"दोन्ही लाव," ती म्हणाली. "सही तुला करायचीय, पण हात माझा होता."

गेनरने आधी लंडनहून दिलेली नमुन्याची तबकडी लावली. विनीने सगळी ऐकली. मधे तिच्या पायाने ठेकाही धरला. संपली तेव्हा, म्हणजे विरून गेली तेव्हा, ती म्हणाली, "छान आहे की. नाचता येईल यावर."

गेनरने ती काढून आपली लावली. बटाट्याचा ठसा गरगरला. ड्रम सुरू झाला, मग गिटार, मग तिचाच आवाज, बटण कुठे आहे, बटण कुठे आहे. ही रेकॉर्ड लागली की गेनरचे डोळे आपोआप मिटायचे. चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास विनी म्हणाली, "बंद कर."

गेनरने डोळे न उघडता एक बोट वर केलं. थांब. थोडंच राहिलंय.

मग डोळे उघडले, आणि तिला स्वतःचं बोट दिसलं.

हवेत उभं, सरळ, जरा थांबा म्हणणारं. तिने झडप घालून सुई उचलली. सुई तबकडीवर खरर्रकन ओढली गेली.

"आई. आई, मी..."

"किती झालं होतं?" विनीने विचारलं. ती टेबलाच्या कडेला धरून बसली होती.

"अर्धं. अर्ध्यालाही कमी."

"अर्ध्यालाही कमी," विनी म्हणाली. तिने खिळ्यावरचा बटाटा काढून उलटा रोवला. "लंडनचं ऐकून लोक नाचतील, बाई. हे ऐकून कुणीतरी उठून बंद करेल. मी उठलेच असते." मग तिने पुन्हा सुरी घेतली. "मला कशाला ऐकवतेस? ज्याच्याकडे बटण आहे त्याला ऐकव."

ती ते रागाने म्हणाली की सहज, हे गेनरला कळलं नाही. पण त्या वाक्याने तिची झोप उडाली.

आता त्या कारखान्यात शुक्रवारची एक पद्धत होती. रोज कर्ण्यातून कंपनीच्या पसंतीची गाणी वाजायची, पण शुक्रवारी जेवणानंतर कामगारांच्या फर्माइशी. घरून रेकॉर्ड आणायची, चिठ्ठी लावायची, केबिनच्या दाराशी खोक्यात टाकायची. क्लॅक्सबी स्वतः लावायचा. नुसती लावायचा नाही, तर माइकवर चिठ्ठी वाचायचा, रेडिओवाल्यासारखा घोगरा आवाज काढून. मग रेकॉर्ड सुरू करून तीन पायऱ्या उतरून खाली यायचा आणि पट्ट्यांमधून फिरायचा, बायकांनी त्याच्याकडे बघून हसावं म्हणून. त्या हसायच्याही. केबिनमधलं लाल बटण त्याच्याकडेच होतं ना.

गेनरने आपल्या तबकडीची घरात उरलेली दुसरी प्रत एका जुन्या वॉल्ट्झच्या वेष्टनात घातली. चिठ्ठी लिहिली. आणि संघटनेचं काम बघणाऱ्या मेव्हिसच्या कानात एवढंच सांगितलं, "आज भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष ठेव. सेकंदाच्या लाल काट्याकडे."

मेव्हिस अपघाताच्या दिवशी विनीच्या शेजारच्या यंत्रावर होती. तिने मान वळवून घड्याळ एकदा बघून घेतलं.

अडीच वाजता कर्णा खरखरला. "आता एक खास फर्माइश," क्लॅक्सबीचा आवाज मधात बुडवलेला. "आपली जुनी मैत्रीण विनी ब्लँचर्ड, जिने इथे सतरा वर्षं काम केलं, तिच्यासाठी, तिच्या घरच्यांकडून. विनी, बाई, आम्ही तुला विसरलो नाही हं." तो पायऱ्या उतरून खाली आला, दोन्ही हात पाठीशी, वॉल्ट्झची वाट बघत, टाचांवर झुलत.

ड्रम कोसळला. कातडी सोलण्याच्या यंत्रांवरच्या बायकांनी माना वर केल्या. गिटार आली, आणि सगळ्या कारखान्यात, बर्फाच्या खोलीपासून ट्रकच्या दारापर्यंत, गेनर ओरडली: बटण कुठे आहे? विनीचा हात! बटण कुठे आहे?

क्लॅक्सबीचा गुलाबी चेहरा आधी पांढरा पडला. मग तो धावला. हो, धावला. ओल्या फरशीवरून, एका पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारून, खांद्याने दार ढकलून. सुई उचलल्याचा आवाज कर्ण्यातून आला, आणि मग नुसती यंत्रांची घरघर.

"अकरा," मेव्हिस म्हणाली.

ती मोठ्याने म्हणाली नाही, पण शेजारणीने ऐकलं. "अकरा सेकंद," शेजारीण पुढचीला म्हणाली. "अकरा." पट्ट्याच्या कडेने तो आकडा पुढे सरकत गेला. एकेक बाई हात बाजूला घेऊन केबिनकडे वळली. मासे तसेच पुढे जात राहिले आणि पट्ट्याच्या टोकावरून फरशीवर पडू लागले. शीतगृहाच्या दारात नेव्ह येऊन उभा राहिला होता.

काचेआडून क्लॅक्सबी काहीतरी ओरडत होता. काय ते ऐकू येत नव्हतं.

"गुडघा कसा आहे, क्लॅक्सबीसाहेब?" मेव्हिसने विचारलं. आता मात्र मोठ्याने.

गेनरला त्याच मिनिटाला काढून टाकलं. एप्रनसुद्धा काढून घेतला. नेव्ह तिच्याबरोबर चालत कोपऱ्यापर्यंत आला. तिथल्या टेलिफोन बूथमधून तिने लंडनला फोन लावला. "बाकीची सगळी गाणी घ्या," ती पिअर्सला म्हणाली. "तीन काय, तेरा मिनिटांची करा. हे नाही." पिअर्स म्हणाला, कळवतो. बूथबाहेर उभ्या असलेल्या नेव्हला काचेतून तिचा चेहरा दिसत होता, आणि तेवढ्यावरून त्याला कळायचं ते कळलं. तो वळून पुन्हा कारखान्याकडे गेला. तिचा त्याच्यावर राग नव्हता. त्याचा तिच्यावर होता, आणि त्याला तो हक्क होता. बाळ झालं तेव्हा तिला निरोप रॅगकडून मिळाला.

घरी विनी दारातच उभी होती. बातमी तिच्या आधी पोचली होती, पण अर्धीच.

"काढलं म्हणे तुला?"

"काढलं."

"लावली त्याने?"

"लावली. खाली उतरला होता. मग धावत वर गेला आणि बंद केली."

"किती?"

"अकरा सेकंद. मेव्हिसने मोजले."

विनी आत गेली आणि टेबलाशी बसली. "खुर्चीतून उठून?"

"खालून. तीन पायऱ्या चढून. उडी मारून."

"आणि गुडघा?"

गेनरने नुसती मान हलवली.

दोन वर्षं विनीने त्या गुडघ्याची काळजी वाहिली होती. शेजारणींशी भांडली होती, स्वतःच्या मुलीला खोटं पाडलं होतं. कपाटावर पुढच्या नाताळसाठी आणलेल्या कार्डांचा गठ्ठा होता. तिने तो डाव्या हाताने खाली ओढला. तेवढ्याने भागेना, म्हणून खिळ्याची फळी उचलून भिंतीवर भिरकावली. भिंतीचा गिलावा उडाला. गेनरने आईला इतक्या वर्षांत कधी काही फेकताना पाहिलं नव्हतं.

"म्हणजे धावता येत होतं त्याला," विनी म्हणाली. तिची मान लाल झाली होती. "मेल्याला येत होतं. लाव ती."

"कुठली?"

"कुठली म्हणजे? आपली! आणि मी सांगितलं तरी थांबवू नकोस."

गेनरने लावली. कालच्या ओरखड्यावर सुई दर फेऱ्याला टक् टक् करत राहिली. चाळिसाव्या सेकंदाला विनीने उरलेली मूठ टेबलावर आपटली. साठाव्याला नेव्हची तार तुटली. सत्तराव्याला पोरीचा आवाज गेला आणि आईचा सुरू झाला. रेकॉर्डमधल्या गेनरच्या वरताण ती ओरडत होती, शब्द नसलेलं, तसंच, जसं तेव्हा. शेजारच्या घराची खिडकी उघडली. गेनर दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिली.

खट्.

विनीने धापा टाकत डोळे पुसले, डाव्या हाताच्या उलट्या बाजूने.

"परत लाव," ती म्हणाली.